तुरीचा गुरुवार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भिलाई, रविवार, १२ जानेवारी

सौ. प्रेमलास,

अनेक आशीर्वाद.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सांगत, पत्रात आधी खुशाली लिहावी, तक्रार मागाहून. म्हणून आधी खुशाली. मी बरा आहे. पपईला फळं धरली आहेत. प्लांटमध्ये जनरल शिफ्टच चालू आहे. तक्रार काही नाही.

फोन करत नाही, कारण प्रशांत फोन स्पीकरवर ठेवतो. मी 'जेवण झालं का' विचारलं की तुझ्या भावाचं अख्खं घर 'झालं' म्हणतं, आणि त्यात तुझा आवाज नसतो. पत्र निदान एकटीच्या हातात पडेल.

तू भाऊबीजेला तुमसरला गेलीस, आईंचा पाय मोडला, तू थांबलीस. ते योग्यच झालं. पण त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागून जी शेपटी गेली, तिच्याबद्दल मी आधी बोलायला हवं होतं. 'त्याइले सांग, आता सोबत भेटली तुमाले, माया काय काम तिथं' असं तू प्रशांतला म्हणालीस तेही मी ऐकलं. स्पीकर दोन्हीकडून चालतो.

आता ती कोण, ते लिहितो. खालच्या कलावतीबाईंची भाची वैभवी, नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवते, ती अशी सोडून दिलेली कुत्री उचलून आणते. अहिवाऱ्याकडे एक खडीचा क्रशर बंद पडला. माणसं निघून गेली, ही साखळीला तशीच राहिली. वैभवी म्हणाली, "काका, बस दोन दिवस रख लो, जागा झाली की घेऊन जाते." ते दोन दिवस अजून संपले नाहीत. तिचं नाव वैभवीच्या मैत्रिणींनी ब्राउनी ठेवलं होतं. ते माझ्या तोंडात बसेना. रंग तुरीच्या डाळीसारखा आहे म्हणून मी तिला तुरी म्हणतो. वय झालं आहे, भुंकत नाही, कोणाच्या अंगावर जात नाही. व्हरांड्यातच असते. तुझ्या स्वयंपाकघरात तिचं पाऊल पडलेलं नाही.

आईंच्या पायाला तिळाचं तेल लावत जा. थंडी आहे.

तुझा,
शेषराव

•

भिलाई, शुक्रवार, १७ जानेवारी

सौ. प्रेमलास,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही, तरी लिहितो.

एक नवल सांगायचं आहे. हसू नकोस. तुरी गुरुवारी जेवत नाही.

पहिल्या गुरुवारी मला वाटलं, नवीन जागा, लागत नसेल. दुसऱ्या गुरुवारीही तेच. मग मी लक्ष ठेवलं. इतर दिवशी कुकरला वरणभात लावतो, त्यातला तिला देतो. ती सगळा चाटूनपुसून खाते. गुरुवारी माझा उपास, चहापुरताच गॅस पेटतो, म्हणून तिच्यासाठी आदल्या दिवशीची भाकरी ठेवलेली असते. ती भाकरी तोंडात धरते, देवघरापर्यंत नेते, दत्ताच्या तसबिरीखाली ठेवते, आणि मग तिथेच फरशीवर गाल टेकून पडून राहते. मी आरती म्हणतो तेव्हा तिच्या एका डोळ्यातून पाणी येतं. भाजलेले शेंगदाणे दिले, खोबरं दिलं. कशाला तोंड लावलं नाही.

(देवघरापर्यंत येते, हे वर लिहून गेलो आहे. मागच्या पत्रात व्हरांडा लिहिला होता. आता लिहिलंच आहे तर राहू दे. ती रात्री तिथेच झोपते. फरशी मी रोज गोमूत्र घालून पुसतो.)

काल आरतीच्या वेळी कलावतीबाई वाटीभर साखर मागायला वर आल्या. दारातच थबकल्या.

"भाऊजी, हे काय करून राहिली?"

"गुरुवारी ती असंच करते," मी म्हणालो.

"खात नाही?"

"शिवत नाही."

त्यांनी वाटी कमरेला लावली आणि दुसरा हात कानाला लावला. "अवो, दत्ताचीच असन हे! चार कुत्रे असतात ना त्याच्या पायापाशी? माया घरचा तो माणूस एकादशीले अंडा-रोल खाऊन येते, आन् हे मुकं जनावर पाहा."

त्या खाली गेल्या, आणि तासाभरात सगळ्या ब्लॉकला कळलं. मी काही म्हटलेलं नाही. पण खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. लहानपणी वडिलांबरोबर दत्ताच्या देवळात जायचो, तेव्हा मूर्तीकडे कमी आणि त्या दगडी कुत्र्यांकडे जास्त पाहायचो. त्यातलं एखादं उठून आपल्या मागे घरी यावं असं वाटायचं.

तुझा उपास असेल त्या दिवशी दूध तरी घे.

तुझा,
शेषराव

•

भिलाई, रविवार, २६ जानेवारी

सौ. प्रेमलास,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी पपईला पाणी घालत होतो. पाइप तसाच चालू राहिला, अर्धी बाग वाहून गेली.

तू लिहिलंस, 'असा जीव घरात आला आन् मी त्याले कुत्रं म्हटलं. आईले वाचून दाखवलं तं ते रडली. म्हणते, मले त्याचं दर्शन घेऊ दे, मग मी मोकळी. तेरा तारखेच्या गुरुवारी प्रशांत गाडी करून देऊन राहिला. आमी दोघी येतो. घर झाडून ठेवजा.'

एवढंच पत्र, पण मी ते प्लांटमध्ये जेवणाच्या सुट्टीतही वाचणार आहे.

घर आजपासूनच झाडायला घेतलं. तुझी गादी उन्हात टाकली. आईंना जिना चढायचा म्हणजे खुर्चीवर बसवून आणावं लागेल. कलावतीबाईंच्या मिस्टरांना आणि दोन शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. सगळे आनंदानं तयार झाले. आता गुरुवारी संध्याकाळी बायका येतात, तुरीपुढे फूल ठेवतात, हात जोडतात. कोणी तेलुगू, कोणी बंगाली, कोणी बिहारची. मंत्र ज्याचा त्याचा. तुरी कोणाकडे पाहत नाही. गाल फरशीला, डोळे मिटलेले.

जरा वाळली आहे. पण व्रत म्हटल्यावर ते होणारच.

तू येतेस हे दत्ताला सांगितलं. तुरीलाही सांगितलं.

तुझा,
शेषराव

•

भिलाई, शुक्रवार, ३१ जानेवारी

सौ. प्रेमलास,

हे पत्र मी टाकीन की नाही, ठाऊक नाही. लिहून तर काढतो.

काल गुरुवार. कलावतीबाईंकडे सत्यनारायण होता. संध्याकाळी त्या आपल्याकडे प्रसादाचा शिरा घेऊन आल्या, मागे पाचसहा बायका. तुरी नेहमीसारखी पडलेली, भाकरी तसबिरीखाली. बाई ताट खाली ठेवून निरंजन लावायला वळल्या आणि तुरी उठली. गरम शिरा, केळं घातलेला, तूप सुटलेलं. तिनं तो डोळे मिटून खाल्ला. ताट भिंतीपर्यंत ढकलत नेऊन चाटलं.

मग एक बाई म्हणाली, "अरे, व्रत टूट गया!"

"टूटा कैसे?" कलावतीबाई तिच्यावर वळल्या. "सत्यनारायणाचा परसाद हाय. परसादानं उपास मोडत नसते."

"रवा चलता है उपवास में?"

"परसादाचा रवा चालते!"

त्यांचा वाद जिन्यावरून खाली उतरेपर्यंत चालला. मी मात्र त्या ताटाकडे पाहत राहिलो. भाकरी नाही. शेंगदाणे नाहीत. खोबरं नाही. शिरा मात्र चालतो, आणि शुक्रवार ते बुधवार वरणभात चालतो.

बायका गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून मऊ केला आणि पुढे धरला. तिनं खाल्ला. गुरुवारीच, दत्तासमोर. मग मी तिचा ओठ वर करायला गेलो, तर ती कण्हली आणि माझा हात जबड्यात धरला. दाबला नाही. नुसता धरला, जसं कोणी 'थांबा' म्हणतं. तोंडाला असा वास येत होता की मला तोंड फिरवावं लागलं. हा वास मला आधीही येत होता. मी उदबत्ती जास्त लावत होतो.

दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत हे मी जन्मभर पाहत आलो. त्यांच्या तोंडात काय आहे ते पाहायचं कधी सुचलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

त्याच कागदावर पुढे लिहितो. आज वैभवीबरोबर तुरीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर राजदीप म्हणून तरुण माणूस आहे. तोंड उघडून टॉर्च मारला आणि विचारलं, "अंकल, ये कब से नहीं खा रही?"

"गुरुवार को नहीं खाती," मी सांगितलं.

"सिर्फ गुरुवार को? इसके दाँत कैलेंडर देखते हैं क्या?"

वैभवी हसली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, माझी पण चूक आहे. आणली तेव्हा मीच नीट बघायला पाहिजे होतं."

साखळी चावून चावून तिचे पुढचे दात झिजले आहेत. वरची एक मोठी दाढ उभी चिरली आहे आणि तिच्या मुळाशी पू आहे, थेट डोळ्याखालपर्यंत. म्हणून डोळ्यातून पाणी. आणि गालाला ठणका, म्हणून थंड फरशी. देवघरातली फरशी घरात सगळ्यात गार असते, हे तुला माहीत आहे. उन्हाळ्यात तूच तिथे पाठ टेकतेस.

सडलेले दात काढावे लागतील. भूल द्यावी लागेल. वय झालेलं, अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, भुलीतून उठेलच असं लिहून देणार नाही. पण न काढले तर पू रक्तात जाईल, मग काहीच हातात राहणार नाही. सध्या औषध दिलं आहे. पुढच्या शनिवारी, आठ तारखेला, दात काढायचे.

म्हणजे तू आणि आई ज्या गुरुवारी येणार, त्याआधीच. तेरा तारखेला दर्शनाला काही नसेल. फार तर तोंड सुजलेली, अर्धे दात गेलेली एक म्हातारी कुत्री असेल. आणि आठ तारखेला नशीब फिरलं, तर तीही नसेल.

कलावतीबाईंना हे सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तेरा तारीख होऊ द्या ना. म्हातारीले दर्शन होऊन जाईन, वहिनी घरी येऊन जाईन, मग काढा दात. पाच दिवसानं काय फरक पडते?"

प्रेमला, मी हा विचार त्यांच्या आधीच केला होता. क्लिनिकमधून स्कूटरवर येताना सगळा रस्ता केला. तेरा तारखेपर्यंत भाकरी देऊ नये, वरणभातावर ठेवावी, आणि त्या एका गुरुवारी मात्र समोर भाकरी टाकावी. ती उचलून तसबिरीखाली नेईल. गाल टेकेल. डोळ्यातून पाणी येईल. तू हात जोडशील, आईही जोडतील, आणि मला मात्र माहीत असेल की ते काय आहे.

तू रागानं तिकडेच राहिलीस ती या कुत्रीपायी असं मी समजत होतो. तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, तसं नसावं. उपास करणारी असो की नसो, घरात कोणी यायचं तर ते तुला विचारून यायला हवं होतं. आता विचारतो. ही कुत्री उपास करत नाही. तिचे दात दुखतात. तरीही ती इथे राहिली तर चालेल का?

नाही म्हणालीस तर वैभवीला दुसरं घर शोधायला सांगीन. दात मात्र काढूनच पाठवीन.

तुझा,
शेषराव

•

सोमवार, ३ फेब्रुवारी

सौ. प्रेमलास,

सोबतचं पत्र कालचा दिवस शर्टाच्या खिशात होतं. आज स्पीड पोस्टानं टाकतो आहे. आईंना वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

शेषराव

•

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भिलाई, सोमवार, १० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईंस,

शेषरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

प्रेमला सुखरूप पोचली, हे प्रशांतनं सांगितलंच असेल. ती म्हणते, "आईले तुमीच लिवा, तुमालेच लिवायची लई हौस." म्हणून लिहितो. तुमची मोठी निराशा झाली असेल. त्याबद्दल माफी मागण्याचा अधिकारही मला नाही, तरी मागतो.

शनिवारी काय झालं ते तुम्हाला खरंखरं सांगतो. सकाळी तुरीला आत नेलं. दार लोटून घेतलं. मी बाहेर बाकावर नामस्मरण करत बसलो, पण मन लागेना. दर वेळी दत्ताचं नाव घेतलं की ते मिटलेले डोळे दिसायचे आणि वाटायचं, मी इतके गुरुवार कोणापुढे आरती म्हणत होतो. मग नाम सोडून दिलं आणि नुसतं म्हणत राहिलो, उठू दे, उठू दे. वैभवी शेजारी बसून दुपट्ट्याचा काठ पिळत होती.

तेवढ्यात प्रशांतचा फोन. "भाऊजी, ताई तं पहाटेच्या गाडीनं निघाली ना. एकटीच. तुमाले नाही सांगितलं?"

मला काय सांगणार? तिनं स्टेशनवरून कलावतीबाईंना फोन करून क्लिनिकचा पत्ता घेतला. ऑटोतून उतरली ती हातात पिशवी, पिशवीत तुमच्या शेतातला चिन्नोर तांदूळ. माझ्यासमोर उभी राहिली. तीन महिन्यांनी पाहत होतो. मला वाटलं, आता काहीतरी कठोर बोलेल.

"चहा घेतला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मले वाटलंच." आणि ती बाकावर बसली. वैभवीच्या पलीकडे, माझ्या शेजारी नाही. थोड्या वेळानं वैभवीला म्हणाली, "पोरी, तू सरक तिकडे."

मग आम्ही दोघं शेजारी बसलो. ती कोणाला उद्देशून बोलली कळलं नाही, समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "तेरा तारखेले आली असती तं मी पाया पडली असती त्याच्या. आईले बी पडवलं असतं. आन् ते तिथं ठणकत पडलं असतं. देवानं मले काय म्हटलं असतं?"

मी तिच्या हातातली पिशवी घेऊन बाकाखाली ठेवली.

"तुमी लिवलं ते बरं केलं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पयले विचारलं असतं तं आणखी बरं केलं असतं."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती, तीत दात. म्हणाले, एकदा श्वास अडकला होता, पण सावरली. आम्ही आत गेलो. तुरी घोंगडीवर आडवी, जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे. तिनं मला ओळखलं नाही. शेपटीही हलवली नाही. प्रेमला दाराशीच थांबली. पदर नाकाला लावलेला होता. तुम्हाला माहीत आहे, लहानपणी तुमच्या गल्लीत तिला कुत्रं चावलं होतं, तेव्हापासून ती रस्ता ओलांडून जाते. मी म्हटलं, तू बाहेर बस. ती बसली नाही, पुढेही आली नाही. गुंगी उतरेपर्यंत तिथेच चौकटीला धरून उभी राहिली.

काल सकाळी कुकरची शिट्टी ऐकून मी जागा झालो. तुमचा चिन्नोर शिजत होता. प्रेमलानं भात पातेल्यात घेतला, वरण घातलं, तूप घातलं आणि हातानं कालवला. तुम्ही लहान नातवंडांसाठी कालवता तसा, एकही शीत उभं राहू न देता. चमच्यानं कालव म्हटलं तर म्हणाली, "चमच्याले कडक शीत समजते का?" मग वाटी घेऊन व्हरांड्यात गेली. तुरीपासून चार हात लांब बसली. वाटी पायानं नव्हे, हातानं पुढे सरकवली. थोडी. मग आणखी थोडी. तुरीनं तोंडाची एक बाजू वर करून, जपून, खायला सुरुवात केली.

मी खिडकीतून ऐकत होतो. प्रेमला तिच्याशी बोलत होती.

"दुखलं तं वरडाव ना, बाप्पा. चुपचाप कोपऱ्यात जाऊन पडलं तं लोकाइले काय समजन? लोक तं फुलं वाहतात."

वाटी रिकामी झाली, तरी तिथेच बसून राहिली.

आई, तुमचा गाडीचा बेत तुम्ही मोडू नये अशी विनंती आहे. तुम्हाला जिन्यानं वर आणायला माणसं अजूनही तयार आहेत. मी त्यांना खरी गोष्ट सांगितली, तरी एकानंही नाही म्हटलं नाही. बायका मात्र आता येत नाहीत. फक्त कलावतीबाई येतात, आणि शिऱ्यानं उपास मोडतो की नाही यावर प्रेमलाशी भांडतात.

इथे आता पाहण्यासारखा चमत्कार काही राहिला नाही. एक कुत्री आहे, आणि ती रोज जेवते.

तरी या, असं प्रेमला म्हणते आहे.

आपला जावई,
शेषराव